हात आणि करवत

स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षिकेकडे लेख मागितला, की तो महाडच्या चवदार तळ्यावर असेल किंवा अजिंठ्याच्या लेण्यांवर असेल, असे संपादक मंडळ गृहीत धरते. मागील अंकांत मी तसे लेख लिहिलेही आहेत. या वेळी मात्र मी आपल्या कार्यशाळेतील एका यंत्राविषयी लिहिणार आहे. रेडियल आर्म सॉ हे त्याचे नाव. वसतिगृहामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते आज भिंतीला टेकून उभे आहे. ते शाळेत आणावे की आणू नये, याचा निर्णय करण्याचे काम काही आठवडे माझ्याकडे होते आणि त्या आठवड्यांत मला माझ्याच विषयाचा एक धडा नव्याने शिकावा लागला.

प्रसंग असा घडला. वसतिगृहातील लोखंडी खाटा गंजून निकामी होत चालल्या होत्या. नव्या विकत घेण्याऐवजी लाकडी खाटा, अभ्यासिकेची बाके आणि ग्रंथालयाच्या मांडण्या आपल्याच कार्यशाळेत कराव्यात, असा ठराव समितीने केला. सुतारकामाच्या निदेशकांनी हिशेब मांडला. एका दुमजली खाटेला लहानमोठे पंचवीस ते तीस तुकडे लागतात; प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके काटकोनात कापावी लागतात; चाळीस खाटा म्हणजे दोन हजारांहून अधिक काप. हातकरवतीने हे होईल, पण त्यात वर्ष जाईल आणि शिकवायला वेळ उरणार नाही. त्यांनी यंत्राची मागणी केली. त्याच सुमारास हाटकेश उद्योगनगरातील एका फर्निचर कारखानदाराचा निरोप आला. तो आपला गाळा रिकामा करीत होता. जुनी रेडियल आर्म सॉ शाळेला दान देण्याची त्याची इच्छा होती. वाहतूक तेवढी शाळेने करायची होती.

समितीतील एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "आता विचार कसला करायचा? धर्माची गाय आणि दात का गं नाय, असे म्हणू नये." त्यावर निदेशक सर हसून म्हणाले, "साहेब, या गाईचे दातच मोजावे लागतील." अध्यक्षस्थानी असलेल्या भन्तेजींनी एवढेच सांगितले, "आधी पाहून या. मग बोलू." मी हाटकेशला राहते. गाळा माझ्या इमारतीपासून चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे निदेशकांबरोबर जाण्याचे काम माझ्याकडे आले. इतिहासाच्या बाईंना करवतीतले काय कळणार, असा भाव एकदोघांच्या चेहऱ्यावर होता. तो चुकीचाही नव्हता.

हाटकेश हा मीरा रोडच्या पूर्वेचा, काशिमीऱ्याच्या अंगाचा भाग. येथे उद्योगनगरातील गाळे आणि उंच निवासी इमारती अगदी खेटून उभ्या आहेत. आमच्या खिडकीतून सकाळी पत्रा कापल्याचा आणि लाकूड चिरल्याचा आवाज येतो. वर्षानुवर्षे तो आवाज मी ऐकत आले होते. आवाज कशाचा, हे पाहायला कधी आत गेले नव्हते.

गाळ्यात भिंतीलगत ते यंत्र होते. मागे जाड लोखंडी खांब, खांबावरून पुढे आलेली आडवी भुजा, भुजेवर मागेपुढे सरकणारा गाडा आणि गाड्याखाली टांगलेली मोटर. पाते थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेले. खाली लाकडी मेज आणि मेजाच्या मागील बाजूला एक उभी पट्टी. या पट्टीला कारागीर 'फेन्स' म्हणतात. फळी फेन्सला टेकवून धरायची आणि मोटर-पाते आपल्याकडे ओढून कापायचे. भुजा डावीउजवीकडे फिरवली, की तिरपा काप मिळतो. मोटर कलंडवली, की उतरता काप मिळतो. हॅन्डल फिरवून भुजा वरखाली करता येते आणि खाच किती खोल हवी ते ठरवता येते.

निदेशकांनी मला या यंत्राचे मर्म एका वाक्यात सांगितले: "टेबल सॉमध्ये करवत जागेवर असते आणि लाकूड सरकते, इथे लाकूड जागेवर असते आणि करवत सरकते." आपल्यासारख्या अरुंद शेडसाठी हा फरक मोठा आहे. टेबल सॉवर आठ फुटांची फळी आडवी कापायची, तर ती सांभाळत सरकवावी लागते आणि यंत्राच्या चहूबाजूंनी मोकळी जागा लागते. रेडियल आर्म सॉ भिंतीला लावता येते. तिच्या डावीउजवीकडे लांब मेज केले, की सारी फळी आधाराने पडून राहते. एका बाजूला लाकडी ठोकळा अडसर म्हणून आवळला, की शंभर तुकडे कापले तरी सगळे एकाच लांबीचे निघतात. खाटांच्या कामाला हेच हवे होते.

घरी येऊन मी माझ्या सवयीप्रमाणे यंत्राचा इतिहास शोधला. अमेरिकेत न्यू जर्सीतील ब्रिजटन येथे लाकूडकामाचा एक कारखाना सांभाळणाऱ्या रेमंड डी-वॉल्ट यांनी १९२२ साली हे यंत्र घडवले. कामगार कमी आणि काप पुष्कळ, ही त्यांची अडचण होती. १९२४ साली पेनसिल्व्हेनियातील लिओला येथे त्यांची कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात छावण्या आणि खोकी बांधण्यासाठी या यंत्राचा मोठा उपयोग झाला आणि युद्धानंतर ते अमेरिकेतील घरोघरच्या कार्यशाळांत शिरले. मग त्याच देशात २००० साली अशा सुमारे ३७ लाख यंत्रांबाबत सुरक्षेची सूचना काढावी लागली. ती यंत्रे १९५८ ते १९९२ या काळात विकली गेली होती. त्यांचे झाकण पात्याच्या वरच्या भागापुरतेच होते. लाकडाला भिडणारा खालचा भाग उघडा होता. चार दशकांच्या जखमांनंतर अर्ध्या झाकणाचा दोष मान्य झाला.

'खालचा भाग उघडा' हे शब्द वाचले आणि मी वाचन थांबवले. कारण आमच्या घरात उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट नसलेला एक माणूस राहतो. ते माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

मी तिसरीत असताना अण्णा मुंबईतील एका लाकडाच्या वखारीत कामाला होते. त्यांना कुणी सुतार म्हणत नसे. रंधा मारणे, सांधा जुळवणे, पॉलिश करणे ही कामे कारागिरांची. ओंडके वाहणे, भुसा उपसणे आणि गोल करवतीवर फळी ढकलणे ही कामे 'हेल्पर' लोकांची, आणि हेल्पर कोणत्या वस्त्यांतून येत हे निराळे सांगायला नको. करवतीवर झाकण नव्हते. एका दुपारी फळीतली गाठ आली, फळी उसळली आणि हात पुढे गेला. मालकाने रुमालात नोटा गुंडाळून दिल्या आणि तुझेच लक्ष नव्हते असे सांगितले. मस्टरवर अण्णांचे नाव नव्हते, त्यामुळे अपघात कुणालाच झालेला नव्हता.

पुढे मी एम.ए. करताना १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा वाचला. त्याच्या परिशिष्टात कोणता अवयव गेला म्हणजे कमावण्याची क्षमता किती टक्के गेली, याचा तक्ता होता. अंगठा ३० टक्के, संपूर्ण तर्जनी १४ टक्के, मधले बोट १२ टक्के, अनामिका किंवा करंगळी ७ टक्के. एकलव्याच्या अंगठ्याची किंमत कुणी मांडली नाही. निदान कायद्याने बोटांची मांडली, असे मी वर्गात सांगते तेव्हा मुले हसतात. त्या तक्त्यातील दोन ओळी माझ्या घरात जेवायला बसतात, हे मी त्यांना कधी सांगितले नव्हते.

दुसऱ्या खेपेला आम्ही यंत्राची तपासणी करायला गेलो. निदेशकांनी जे केले ते येथे थोडे विस्ताराने लिहिते, कारण इतर संस्थांनाही अशी जुनी यंत्रे दान येतात.

प्रथम त्यांनी वीज बंद करून भुजेचे टोक दोन्ही हातांनी धरले आणि डावीउजवीकडे हलवून पाहिले. खांब आणि भुजा यांच्यात सैलपणा असेल, तर काप कधीच सरळ येणार नाही. मग गाडा बोटाने ढकलून पाहिला. तो अडखळू नये आणि लटपटूही नये. मेज भुजेला समांतर आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी पाते मेजापासून केसभर वर ठेवले आणि वेगवेगळ्या जागी नेऊन खालून कागदाचा तुकडा सरकवला. नंतर एक रुंद फळी कापून घेतली. कापलेल्या दोन भागांपैकी एक उलटा केला आणि दोन्ही कडा एकमेकींना भिडवून उजेडाकडे धरल्या. मध्ये बारीक फट दिसली. "जेवढी चूक असते, त्याच्या दुप्पट फट दिसते," ते म्हणाले. "हे सुधारता येईल. फेन्स किंवा भुजा थोडी सरकवावी लागेल." गुण्या न लावता काटकोन पारखण्याची ही रीत मला इतकी आवडली, की मी ती वर्गातही सांगितली. पुरावा उलटून पाहिला, म्हणजे त्यातील चूक दुप्पट होऊन दिसते. इतिहासातही तसेच असते.

मग मोटर. १२ इंची पात्याला ती ३ अश्वशक्तीची, थ्री-फेजवर चालणारी होती. आपल्याकडे पाण्याच्या पंपासाठी थ्री-फेज जोडणी आहे, त्यामुळे ती अडचण नव्हती. यंत्र अमेरिकेतून आलेले असते, तर प्रश्न वेगळा होता. तिकडची वीज ६० आवर्तनांची, आपली ५० आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मर लावून दाब जुळवता येतो, आवर्तने जुळत नाहीत. मोटर संथ फिरते आणि तापते. स्वस्त मिळते म्हणून परदेशी जुने यंत्र घेणाऱ्यांनी मोटरवरची पाटी आधी वाचावी.

आता पाते. निदेशकांनी त्याचे दात खरोखरच मोजले. त्यांचा आक्षेप मात्र दातांच्या झुकावावर होता. या यंत्रात पात्याचे खालचे दात कापणाऱ्यापासून दूर, फेन्सच्या दिशेने फिरतात. त्यामुळे फळी फेन्सवर दाबली जाते, हा फायदा. पण त्याच जोरामुळे पाते कापणाऱ्याच्या अंगावर येऊ पाहते. ते ओढावे लागत नाही, आवरावे लागते. दात पुढे झुकलेले असतील, तर ते लाकडात अधिक अधाशीपणे शिरतात आणि गाडा झेप घेतो. म्हणून या करवतीला शून्य अंशाचे किंवा किंचित मागे झुकलेल्या दातांचे पाते लागते. गाळ्यातील पाते टेबल सॉचे होते, पुढे झुकलेल्या दातांचे. "बसते म्हणून लावले," तिथला कारागीर म्हणाला. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर योग्य पाते मिळाले असते. कुणी मागितले नव्हते.

शेवटी मी विचारले, "झाकण कुठे आहे?" कारागिराने पोटमाळ्याकडे बोट दाखवले. तिथे धुळीत पात्याचे वरचे झाकण आणि खालचे हलते रक्षक पडले होते. "ते लावले की काम मंद होते, मॅडम. पाते दिसत नाही." तो चाळिशीचा असेल. त्याची दहाही बोटे शाबूत होती. ती मी नकळत मोजली आणि मला माझीच लाज वाटली.

आणखी एक गोष्ट निदेशकांनी दाखवली. यंत्र चालू असताना त्यांनी मुख्य बटण बंद केले आणि काही वेळाने पुन्हा चालू केले. पाते आपोआप फिरू लागले. वीज गेली, माणूस फळी नीट करायला वाकला आणि वीज परत आली, तर काय होईल, हे सांगायला शब्द लागत नाहीत. वीज गेल्यावर यंत्र बंदच ठेवणारा आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्टार्टर बाजारात मिळतो. तो येथे काढून टाकून थेट जोडणी केली होती.

तिसऱ्या खेपेला मी अण्णांना बरोबर नेले. ते आता ऐंशी ओलांडलेले आहेत. नेताना माझ्या मनात काय होते, ते मला नीट सांगता येणार नाही. गाळ्यात शिरताच ते यंत्रासमोर गेले नाहीत. पात्याच्या रेषेपासून दोन पावले डावीकडे जाऊन उभे राहिले. पन्नास वर्षांपूर्वी सुटलेल्या कामाची ही शिस्त त्यांच्या अंगात अजून होती. निदेशकांनी पोटमाळ्यावरून रक्षक काढून पुसले आणि यंत्राला लावून दाखवले. अण्णांनी उरलेल्या बोटांनी ते वर उचलले, सोडले. ते आपोआप खाली आले. त्यांनी पुन्हा उचलले, पुन्हा सोडले. असे चारपाच वेळा केले. मग म्हणाले, "आमच्या वखारीत बी असलं काय तरी असंल माळ्यावर. आमाला कुनी दावलं न्हाई."

परतताना ते काही बोलले नाहीत. मी मात्र त्या एका वाक्याशी अनेक दिवस बोलत राहिले.

मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, हे मी दर वर्षी शिकवते. धाग्याला तोंड लावावे लागते, ते विटाळेल, हे कारण. आणि विणकामात मजुरी अधिक, हा त्यामागचा अर्थ. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले आणि अस्पृश्य कामगार रेल्वेत खालच्याच कामांत कसे अडकवले जातात, ते मांडले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी १९४६ साली कारखाने कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. हा सारा इतिहास मी हक्क म्हणून शिकवत होते: यंत्रापर्यंत पोहोचण्याचा हक्क, कौशल्याचा हक्क, विश्रांतीचा हक्क. अण्णांच्या वाक्याने त्यात एक भर घातली. आमच्या माणसांना चांगल्या कामापासून दूर ठेवले गेले, हा इतिहासाचा अर्धा भाग. ज्या यंत्राजवळ त्यांना जाऊ दिले, त्याचे झाकण काढून ठेवले होते, हा उरलेला अर्धा.

समितीची बैठक वादळी झाली. ज्येष्ठ सदस्यांचा मुद्दा असा होता: "आपल्या मुलांना आयुष्यभर हातकरवतीवरच ठेवायचे का? इतर शाळांतील मुले संगणकावर यंत्रे चालवतात." त्यांचा राग खरा होता आणि मला तो मान्य होता. दुसरे मत असे, की असले यंत्र शाळेत नकोच. एक अपघात झाला, तर संस्थेचे नाव जाईल. मी म्हणाले, की संस्थेचे नाव जाईल हे कारण मला पुरेसे वाटत नाही. एका मुलाचे बोट जाईल, तेवढेच कारण पुरेसे आहे. कारखाने कायदा १९४८ च्या कलम २१ प्रमाणे धोकादायक यंत्राला कुंपण लागत असे आणि कलम २३ प्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीला धोक्यांची पूर्ण माहिती आणि पुरेसे प्रशिक्षण किंवा देखरेख असल्याशिवाय धोकादायक यंत्रावर लावता येत नसे. शाळेची शेड कायद्याच्या व्याख्येत कारखाना नसेल, पण बोट तेच असते.

पर्यायही आम्ही तपासले. सरकती माइटर सॉ हलकी, कमी जागेची आणि शिकवायला सोपी. मात्र तिची कापाची रुंदी साधारण बारा इंचांवर थांबते आणि आमच्या मांडण्यांच्या फळ्या त्याहून रुंद होत्या. टेबल सॉला जागा नव्हती. दान मिळालेले यंत्र सुमारे अठरा इंच रुंद फळी आडवी कापू शकत होते. गरज आणि यंत्र यांचा मेळ बसत होता. प्रश्न उरला तो अटींचा.

सर्वांत मोठी अट उभ्या कापाची होती. या यंत्रात मोटर एक चतुर्थांश फिरवली, की पाते फेन्सला समांतर होते आणि फळी लांबीत चिरता येते. यंत्राच्या माहितीपत्रकात हा गुण म्हणून छापलेला असतो. निदेशक म्हणाले, "यात फळी हातांनी ढकलावी लागते, तीही पात्याच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने. चुकून दुसऱ्या टोकाकडून घातली, तर पाते फळी हिसकावून घेते आणि मागोमाग हात जातो." अण्णांची गोष्ट त्या खोलीत फक्त मला ठाऊक होती. मी ती तेव्हा प्रथमच सांगितली. बैठक काही क्षण शांत झाली. ठराव एकमताने झाला: उभा काप या यंत्रावर कधीही घ्यायचा नाही, फळ्या चिरून घ्यायच्या, त्या वखारीतूनच घ्यायच्या. मोटर त्या दिशेला फिरू नये, म्हणून तिथे बोल्ट मारून कुलूप घालायचे.

बाकीच्या अटी अशा ठरल्या. दोन्ही झाकणे बसवल्याशिवाय वीज जोडायची नाही. योग्य झुकावाचे नवे पाते आणि वीज गेल्यावर बंद राहणारा स्टार्टर आधी विकत घ्यायचा. यंत्राची पुढची बाजू किंचित उंच ठेवायची, म्हणजे हात सुटला तरी गाडा हलकेच मागे जाईल. आणि पाते मेजाच्या पुढच्या कडेबाहेर येणार नाही, असा अडसर भुजेवर लावायचा. पात्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांवर मेजावर लाल रेघ ओढायची; तिच्या आत हात जाणार नाही. खोक्यांच्या जुन्या फळ्या वापरताना खिळे शोधण्यासाठी आधी लोहचुंबक फिरवायचे. भुसा मागच्या बाजूने ओढून घेणारी नळी आणि तोंडाला मास्क. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवले आहे. आणि शेवटची अट: बटण निदेशक किंवा अठरा वर्षांवरील प्रशिक्षित माजी विद्यार्थीच दाबतील. या साऱ्याचा खर्च वाहतुकीच्या कितीतरी पट झाला. फुकटचे यंत्र फुकट पडले नाही आणि ते योग्यच झाले.

बैठकीच्या शेवटी कुणीतरी म्हणाले, की आपल्या शाळेत मुले रोज ध्यानाला बसतात, त्यांचे लक्ष कारखान्यातील मजुरापेक्षा स्थिर असेल. भन्तेजी म्हणाले, "स्मृती ठेवायला शिकवणे हे आपले काम. पण स्मृती ढळते, हे ओळखून व्यवस्था करणे हीसुद्धा सम्यक स्मृतीच." वखारीच्या मालकाचे 'तुझेच लक्ष नव्हते' हे वाक्य मी पन्नास वर्षे ऐकत आले होते. त्याला मिळालेले हे पहिले उत्तर मला त्या दिवशी ऐकायला मिळाले.

यंत्र आले, पाते बदलले, मेज बांधले. पहिल्या दिवशी नववीचा वर्ग शेडच्या दाराशी उभा होता. एका मुलीने विचारले, "बाई, यंत्र शाळेचे आहे म्हणता, मग आम्हांला का नाही चालवायला देत?" हा प्रश्न येणार, हे मला माहीत होते, तरी तो आला तेव्हा बोचला. नाही म्हणणारा आवाज या वेळी माझा होता. "अजून नाही," असे उत्तर आमच्या आधीच्या पिढ्यांनी पुष्कळ ऐकले आहे. मी तिला आत बोलावले. माप घेणे, गुण्याने रेघ मारणे, अडसराचा ठोकळा आवळणे, यंत्र थांबल्यावर तुकडा उचलून पारखणे ही कामे मुलांची आहेत आणि त्यांच्यावाचून कापाला काही अर्थ नाही, हे निदेशकांनी समजावले. तिने पहिला कापलेला तुकडा घेतला, एक भाग उलटा केला, कडा भिडवल्या आणि उजेडाकडे धरल्या. फट दिसली नाही. तिने तो तुकडा मला दाखवला. तिचे समाधान झाले होते की नाही, मला सांगता येत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर ती परत येऊन बटण मागेल, अशी माझी आशा आहे आणि तेव्हा ते तिला द्यायलाच हवे.

शेडच्या दाराशी आम्ही एक जाड नोंदवही टांगली आहे. यंत्राजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाने रोज आपले नाव, वेळ आणि केलेले काम लिहायचे. चालवणाऱ्याने, फळी धरणाऱ्याने, भुसा झाडणाऱ्यानेसुद्धा. गेल्या महिन्यात अण्णा शाळेत आले होते. खाट पाहून झाल्यावर निदेशकांनी ती वही त्यांच्यापुढे धरली. अण्णा डाव्या हाताने लिहायला शिकले आहेत. त्यांनी सावकाश आपले पूर्ण नाव लिहिले. कामाच्या रकान्यात काय लिहावे, हे त्यांना सुचेना. निदेशकांनी विचारले, "झाकण तपासले का, अण्णा?" अण्णांनी उठून रक्षक एकदा वर उचलले आणि सोडले. मग परत येऊन तेच लिहिले.